पांढरीवरचा बंगला

आमच्या गच्चीवर यंदाही वाळवण पडलं आहे. आधी मुगवड्या झाल्या, मग कुरडया, आता साबुदाण्याच्या चकल्या चालू आहेत. जुनी चादर पसरायची, तिच्या चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या आणि कावळे हाकलायला मला बसवायचं, ही आमच्या प्रताप नगरच्या घरातली उन्हाळ्याची रीत. निवृत्त माणसाला घरात एवढंच काम बिनधोक देता येतं. त्या चार विटांपैकी तीन साध्या, नऊ इंची. चौथी सोळा इंच लांब, साडेनऊ इंच रुंद, जेमतेम तीन इंच जाड. चौदा उन्हाळे ती त्याच कोपऱ्यावर होती. यंदा तिच्या जागी पाण्यानं भरलेला कॅन आहे. बायकोनं दोनदा विचारलं, "ते मोठी वीट कुठं गेली हो?" मी दोन्ही वेळा कावळे हाकलले.

उत्तर सोपं नाही म्हणून नव्हे. उत्तर एका वाक्याचं आहे, पण त्याच्या आधीचा उन्हाळा फार मोठा आहे.

कुलरच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरला, त्यावर पहिलं पाणी पडलं आणि तो ओला, मातकट वास घरभर फिरला की लोकांना गारवा आठवतो. मला नागपूरजवळच्या कन्हान गावापुढचं ते टेकाड आठवतं. भर वैशाखातलं ऊन, डोक्याला बांधलेला दुपट्टा, खिशातला कांदा आणि खणलेल्या खड्ड्यातून येणारा थंड, जुनाट वास. वर पंचेचाळीस अंश आणि चार फूट खाली रांजणातल्यासारखा गारवा. मजूर जेवायच्या सुट्टीत खड्ड्यात उतरून बसायचे. मीही बसायचो. भाकरी, ठेचा आणि कन्हान नदीच्या रेतीतलं डांगर, म्हणजे खरबूज. त्या डांगराची गोडी नंतर कुठल्याच डांगराला आली नाही, का ती आता माझ्याच जिभेवर नाही, कोण जाणे.

मी नकाशे काढणारा माणूस. पंचवीस वर्षं एका आर्किटेक्टच्या कचेरीत आडव्या टेबलावर उभ्या भिंती काढल्या. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग कॉम्प्युटरवर. घराचा छेद काढताना जमिनीची एक आडवी रेघ असते. तिच्या वर सगळं तपशिलात: दार, खिडकी, पायरी, उंबरा, कठड्याची नक्षी. रेघेच्या खाली मात्र नुसत्या तिरप्या रेघा मारायच्या. ती मातीची खूण. खाली काय आहे ते आम्हाला विचारू नका, आम्ही ते बघितलेलं नाही, असा त्या तिरप्या रेघांचा अर्थ. शिकाऊ असताना त्या रेघा मारायला मला फार आवडायचं, कारण त्यांत चूक निघत नसे.

त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा मला टेबलावरून उठवून साइटवर पाठवलं. "वसंतराव, हे काम तुम्ही सांभाळा," एवढंच आमचे साहेब म्हणाले. पण मला इतका आनंद झाला, की घरी येऊन मी नवी घेतलेली पांढरी टोपी आणि मोजमापाचा नवा टेप बायकोला दाखवला. बायको म्हणाली, "नवरदेवासारखे काहून नटून राहिले?" हे सगळं सांगतो आहे कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या टेपमध्ये आहे. कुणाच्या धाकात नाही, कुणाच्या दबावात नाही. मला कुणीही गप्प बस म्हणालं नव्हतं.

काम होतं एका दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्याचं. नदीपासून थोडं आत त्यांनी आठ एकर शेत घेतलं होतं. डॉक्टर माणूस मोठा हौशी. सुट्टी मिळाली की गाडी काढून जुनी देवळं, लेणी, स्तंभ बघत हिंडायचे. कुठल्या कुठल्या खांबांचे फोटो काढून आणायचे आणि रोग्याच्या तोंडात आरसा घालता घालता त्याला त्यांबद्दल सांगायचे. रोग्याला बोलता येत नसे, त्यामुळे सगळे मन लावून ऐकत. त्यांना घर हवं होतं प्राचीन धाटणीचं. पूर्णकलशाचे खांब, लेण्यांत असते तशी पिंपळपानाच्या आकाराची कमान, लाल विटांचा दर्शनी भाग. आमचे साहेब त्याला 'रिव्हायव्हल स्टाइल' म्हणत. माझ्या भाषेत, नव्यानं जुनं. त्या कमानीची वळणं मी अकरा वेळा काढली. दर वेळी डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "जवळ आलं जी, पण अजून आत्मा नाही आला."

आठ एकरांत एकच उंचवटा होता. डॉक्टरांनी तोच निवडला. तिथं उभं राहिलं की नदी दिसायची, झाडांच्या पलीकडे, उन्हात चकाकणारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात. इथं कळसा पायाखाली होता आणि डॉक्टर वळसा घालून घालून दमले होते.

खोदायला शेजारच्या गावातली माणसं होती. त्यांत पंचफुलाबाई. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेली. हातात घमेलं असलं तरी चाल अशी, की मुकादमही तिला बाजू द्यायचा. पहिल्याच दिवशी तिनं मूठभर माती उचलली, बोटांत चोळली आणि मला म्हणाली, "साहेब, हे तं पांढर होय."

हा शब्द शहरातल्या पोरांना आता सांगावा लागेल. आमच्याकडे जमिनीला दोनच नावं: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. जिथं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती सारवल्या, पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती राखेनं आणि राबत्यानं पांढुरकी, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी माती पांढरी राहते. शेतात मधेच असा पांढरा उंचवटा दिसला की समजायचं, इथं कधीतरी वस्ती होती. माझी आई असल्याच एका टेकाडावरून टोपलीभर माती आणून भिंतींना पोतेरा द्यायची. मला सगळं माहीत होतं. पंचफुलाबाईनं सांगायच्या आधीपासून माहीत होतं.

साइटच्या वहीत त्या दिवशी मी लिहिलं: 'पांढरी माती, भराव.'

शब्द एकही खोटा नाही. माती पांढरीच होती. पण 'पांढर' लिहिलं असतं तर वाचणारा थबकला असता. 'पांढरी माती' म्हटलं की तो नुसता रंग झाला. एका वेलांटीच्या, एका शब्दाच्या फरकानं गावाचा भराव झाला. माझं अक्षर कचेरीत सगळ्यांत वळणदार समजलं जायचं.

भराव म्हणजे कच्ची माती, तिच्यावर पाया उभा राहत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत ती सगळी काढायची, हा नियम. त्यामुळे बंगल्याच्या मापाचं अख्खं टेकाड खणायचं ठरलं. निघालेली माती न्यायला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे होते, कारण पांढरीची माती पिकाला खतासारखी. आठवडाभरात आसपासच्या काळ्या शेतांत पांढरे ढिगारे दिसायला लागले. कुणाच्या कपाशीच्या वावरात, कुणाच्या तुरीच्या.

आणि मग चार फुटांवर भिंत लागली.

टिकावाचा, इथल्या भाषेत टिकासचा, आवाज बदलला तेव्हा मी वर छत्रीखाली उभा होतो. पंचफुलाबाईनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खाली बसली आणि पदरानं माती झटकायला लागली, जशी लेकराच्या तोंडावरची झटकावी. विटा होत्या. मोठ्या, पातळ, एकीला एक घट्ट चिकटलेल्या. दुपारपर्यंत आठ-दहा हात भिंत उघडी झाली आणि तिनं मला हाक मारली.

"साहेब, हे भित सरळ नाही जाऊन राहिली. गोल चालली."

मी उतरलो. खरंच गोल होती. कंपासला लाजवील इतकी स्वच्छ वळलेली. मी वाकून बघत असताना तिनं एक सुटी झालेली वीट उचलली आणि उलटी केली. विटेच्या पाठीवर तीन बोटांच्या रेघा होत्या. ओल्या मातीवरून कुणीतरी सहज बोटं फिरवली असावीत, तशा. पंचफुलाबाईनं स्वतःची तीन बोटं त्या रेघांत ठेवली. बरोबर बसली. ती हसली, मग हसायची थांबली.

"बाईचा हात होय हा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, आवाज उतरवून, "साहेब, गोल काहून बांधलं असन? हे आमच्या बुद्धाचं तं नसन?"

तिच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. ते ती दर आठवड्याला एकदा तरी सांगायची. दरवर्षी ती कन्हानहून दीक्षाभूमीला जायची, गर्दीत, अनवाणी. तिनं विचारलं त्यात भाबडेपणा काही नव्हता. मनसरला, पवनीला मातीखाली स्तूप सापडलेले आहेत आणि विटांचं गोल बांधकाम म्हणजे काय असू शकतं हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. डॉक्टरांनी दिलेल्या पुस्तकांतून त्याच काळाची कमान मी अकरा वेळा काढली होती. मी म्हटलं, "पाहू."

"पाहू नका, दाखवा कोणाले. अजब बंगल्यात माणसं राह्यतात न माहीतगार? हे वीट घेऊन जा. तवरोक मी हे बाजू खोदू देत नाही कोणाले."

अजब बंगला म्हणजे आमचं नागपूरचं संग्रहालय. लहानपणी सगळ्यांनीच तिथले भुसा भरलेले वाघ बघितलेले असतात. मी वीट गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि घरी आणली. ती शुक्रवारची गोष्ट. शनिवारी वेळ नव्हता. रविवारी पाहुणे होते. सोमवारी मी मुद्दाम अर्धा दिवस काढला, वीट घेतली आणि अजब बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद. अजब बंगला सोमवारी बंद असतो.

हे नागपुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आठवड्याचे सहा दिवस सोडून मी नेमका तो निवडला, फाटकासमोर स्कूटर उभी केली, रुमालानं घाम पुसला आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आपण गेलो होतो, असं आता म्हणता येणार होतं. माणूस स्वतःला फसवायला किती नीटनेटकी व्यवस्था करतो! कोपऱ्यावर उसाचा रस प्यालो आणि घरी आलो.

भीती कशाची होती? पुरातत्त्व खात्याचे लोक येतील, दोरी बांधतील, काम थांबेल. मृगाच्या आत पाया वर आला नाही तर खड्ड्यांत पाणी भरेल. डॉक्टर भडकतील, साहेब म्हणतील टेबलावरचा माणूस टेबलावरच बरा. हे सगळं मी माझ्याच मनाशी बोललो आणि माझंच मी ऐकलं. डॉक्टरांना एक फोन केला नाही.

मंगळवारी सकाळी पंचफुलाबाई खड्ड्याच्या तोंडाशीच उभी होती. तिनं भिंतीवर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं, उन्हानं तडकू नये म्हणून.

"दाखवलं काय, साहेब?"

"दाखवलं," मी म्हटलं.

"काय म्हणे मंग?"

"काही नाही. कुंभाराची भट्टी आहे म्हणे. जुनी. भट्टी गोलच असते."

इतकं सोपं गेलं ते. आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेवर आपोआप आलं, जसं हातातून तिरप्या रेघा येतात. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, ते मला आजही छळतं. नुसती थोडी निराशा होती, पाहुणा येणार म्हणून स्वयंपाक करावा आणि तो येऊ नये, तेवढी. मग तिनं ओलं पोतं काढलं, पिळलं, बाजूला वाळत टाकलं. आणि टिकास उचलली.

दुसऱ्या कुणी उचलली असती तर! पण चार दिवस तीच राखण करत होती, म्हणून पहिला घावही तिनंच घालावा असं बाकीच्यांना वाटलं असावं. ती हसून मागच्या बायांना म्हणाली, "चला वं, भट्टी होय म्हणे. पाहजा, कोणाचं मडकं भेटते काय." सगळ्या हसल्या. दोन दिवसांत ती गोलाई संपली. आत काय होतं ते बघायला मी उतरलो नाही. विटांचे तुकडे जोत्याखाली भरायला वापरले. म्हणजे जुन्या धाटणीच्या त्या घराच्या पोटात खरोखरीचं जुनं आहे, फक्त ते ओळखू येणार नाही अशा आकारात.

मृगाच्या आत पाया वर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्यानंतर पुढची सगळी वर्षं मला साइटच मिळाल्या.

बंगला देखणा झाला, खोटं कशाला बोलू? वास्तूच्या दिवशी जरीपटक्याच्या बाजारातून आणलेल्या दिव्यांच्या माळा कमानीवर सोडल्या होत्या. डॉक्टर प्रत्येकाला खांबापाशी नेऊन विचारत होते, "जुन्या काळात गेल्यासारखं वाटतं की नाही?" लोक हो म्हणत होते. साच्यात ओतलेले पूर्णकलश, त्यांतून बाहेर पडणारी एकसारखी पानं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बुंदीचा घास तोंडात फिरत राहिला. पंचफुलाबाईला डॉक्टरांनी आठवणीनं बोलावलं होतं. ती नव्या साडीत आली होती. तिनं कमानीकडे बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "हे तं लेणीतल्यासारखं केलं तुम्ही. लय सुंदर." मी मान डोलावली.

वीट घरीच राहिली होती. टाकवेना, आणि कुणाला दाखववेना. बायकोला वाटलं साइटवरची आहे. तिनं ती गच्चीवर नेली आणि वाळवणाच्या चादरीवर ठेवली. चौदा वर्षं तिच्या तीन रेघांतून कुरडयांचा चीक वाळून पांढरा होत राहिला. दर उन्हाळ्यात मी तो नखानं काढायचो.

यंदा चैत्र संपता संपता डॉक्टरांचा फोन आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्यांचं नाव दिसलं तेव्हा फोन उचलायला मी वेळ लावला. पण ते म्हणाले, "वसंतराव, घराचा एक कोपरा बसला जी. भिंतीला तडा गेला. जुने नकाशे तुमच्याजवळच असतील ना?"

घर 'बसलं' असं आम्ही म्हणतो, दमलेल्या माणसासारखं. मी गेलो. डॉक्टर आता सत्तरीला आलेत. दवाखाना बंद केला, हात थरथरतो म्हणून. खांबांचा गेरूचा रंग उडून खालचं करडं सिमेंट दिसत होतं. कोपऱ्याशी चर खणून ठेवला होता आणि डॉक्टर त्याच्या काठावर वेताच्या मोड्यावर बसले होते, वाट बघत. मी पोहोचताच ते उठले, आणि त्यांच्या मांडीवरून विटेचा एक तुकडा घरंगळला. त्यांनी तो झेलला, दोन्ही हातांनी.

"हे पहा," ते म्हणाले. डोळे लकाकत होते. "ही वीट आपली नव्हे जी. ही जाडी पहा, ही बोटं पहा. ही दीड-दोन हजार वर्षांची असेल. माझ्या घराखाली! कुठून आली असेल?"

मिठाची गुळणी चौदा वर्षं धरली होती. ती त्या चराच्या काठावर थुंकली. सगळं सांगितलं. पांढर, गोल भिंत, सोमवार, भट्टी. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, तड्याकडे बघत होतो. तडा जोत्यापासून वर कमानीपर्यंत गेला होता आणि कमानीची पाकळी त्यात दुभंगली होती. तिथली वळणं माझीच.

ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते ओरडले नाहीत.

"मला सांगायचं ना जी," ते म्हणाले. "आठ एकर होतं. मी घर तिकडे सरकवलं असतं."

"तुम्हाला उंचवटा हवा होता," मी पुटपुटलो.

"तर चार फूट जोतं वाढवलं असतं. त्यात काय!" मग तुकड्यावरून अंगठा फिरवत, स्वतःशीच, "रोज सकाळी चहा घेऊन तिथं बसलो असतो. त्या भिंतीजवळ."

खरंच, त्यात काय. कागदावर घर सरकवायला मला एक सकाळ लागली असती. आर्किटेक्ट नाही म्हणाले नसते, मालक नाही म्हणाले नसते, मृगही चार दिवस थांबला असता. ज्या रागाला घाबरून मी सगळं केलं, तो राग मुळात नव्हताच. मीच तो त्यांच्या नावानं मनात बांधला होता, आणि त्याच्या पायात ती भिंत घातली. याहून मोठा दोष असता तर बरं झालं असतं. कुणी धमकावलं असतं, कुणी आमिष दाखवलं असतं, तर आज त्याच्याकडे बोट तरी दाखवता आलं असतं.

डॉक्टरांनी चहा दिला. निघताना म्हणाले, "त्या बाईला तरी खरं सांगितलं का?"

त्याच आठवड्यात मी गच्चीवरची वीट उचलली, धुतली, रेघांतला चीक टूथब्रशनं काढला आणि त्याच जुन्या पद्धतीनं गोणपाटात बांधून कन्हानला नेली. रस्त्यात कामठीच्या पुढं कडुनिंबाचा मोहर पडत होता. मनात वाक्यं जुळवत होतो. क्षमा हा शब्द कुठं घालायचा ते ठरत नव्हतं. खरं सांगायचं तर मला हलकं व्हायचं होतं. डॉक्टरांना सांगून अर्धा हलका झालो होतो, उरलेलं तिच्याकडे ठेवायला चाललो होतो. हे मला तेव्हा कळलं नाही.

पंचफुलाबाईचं घर आता पक्कं आहे. ओट्यावर फरशी, आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मेणबत्तीचा डाग. तिनं ओळखलं लगेच. "जय भीम साहेब! किती वाळले तुम्ही." पाणी दिलं, टरबुजाच्या फोडी दिल्या. केस पांढरे झाले होते, गुडघ्यांमुळे उठताना ती खांबाला धरत होती. "आता काम होत नाही. नातवाले सांभाळतो घरी," म्हणाली. तिच्याकडल्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, पुरुषासारखं.

मी गोणपाट सोडलं. तिनं वीट ओळखली. हात पुढं केला, बोटं अर्ध्यावर आली, आणि तेवढ्यात मी बोलायला लागलो.

"पंचफुलाबाई, मी तेव्हा ही दाखवलीच नव्हती. अजब बंगला बंद होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती भट्टी नव्हती बहुतेक. तुम्ही म्हणत होत्या तसंच काहीतरी असेल. बुद्धाचं."

तिनं हात मागे घेतला. पदराखाली घेतला.

"भट्टीच होती ते," ती म्हणाली.

"नाही, पंचफुलाबाई..."

"भट्टीच होती, साहेब. तुम्हीच सांगतलं. भट्टी होती म्हणून मी टिकास घातली." तिचा आवाज चढला नव्हता. "पहिली मीच घातली. या हातानं. बायाईले मीच बलावलं, हसत हसत."

आत कुकरची शिट्टी झाली, सुनेनं गॅस बारीक केला. पंचफुलाबाईनं भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं नाही. बघायचं टाळलं, हे मला दिसलं.

"आता काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. "चवदा वर्सं झाली. मले तं झोप लागत होती."

मी वीट उचलायला वाकलो. दुसरं काय करणार होतो? गोणपाट ओढून घेतलं, गाठ मारायला लागलो. गाठ बसेना.

"राहू द्या ते," ती म्हणाली. तिनं वीट स्वतःकडे ओढली, रेघांची बाजू खाली करून ठेवली आणि वर तळहात टेकला. "माह्या हातून न फुटलेली तेवढीच आहे."